इन्व्हर्टरची बॅटरी बारावीच्या पुस्तकाला का जुमानत नाही?

तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीवरची झाकणं एकदा मोजा. पाणी घालावं लागणारी साधी बॅटरी असेल तर ती सहा भरतील. प्रत्येक झाकणाखाली एक स्वतंत्र सेल, प्रत्येक सेलचे सुमारे २ व्होल्ट, मिळून १२. आता घरातल्या बारावीच्या मुलाला किंवा मुलीला विचारा, पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला किती व्होल्ट लागतात? अभ्यास नीट झाला असेल तर उत्तर येईल, १.२३.

मग पुढचा प्रश्न विचारा. ज्या सेलमध्ये २ व्होल्टचा दाब कायम आहे आणि आत आम्ल मिसळलेलं पाणी आहे, तिथलं पाणी बसल्या जागी फुटून का जात नाही? पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे ही बॅटरी स्वतःच स्वतःचं पाणी खाऊन लवकरच उतरायला हवी. प्रत्यक्षात ती कोपऱ्यात काही वर्षं निमूट काम करते.

इथे बरीच मुलं अडतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण बारावीच्या धड्यात या प्रश्नाचं उत्तर नसतं. ते बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात किंवा एम.एस्सी.ला भेटतं आणि तिथून पुढे जे सुरू होतं त्याला आधुनिक इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणतात. रसायनशास्त्र घेऊन पुढे शिकायचा विचार घरात चालू असेल, किंवा ‘बॅटरीला खूप स्कोप आहे’ हे वाक्य अलीकडे चारदा कानावर आलं असेल, तर हा विषय आतून कसा आहे ते फी भरण्याआधी पाहून घेतलेलं बरं.

दिशा एक, वेग दुसरा

बारावीतला विभवांचा तक्ता आठवा. कोणता धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो, कोणता धरून ठेवतो, याची ती उतरंड. हा तक्ता खोटा नाही. पण तो एका खास परिस्थितीचा आहे, सेलमधून करंट वाहत नसतानाचा. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेलं समीकरण, ज्यातला ०.०५९२ हा आकडा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो, तेही याच स्तब्ध अवस्थेचं.

धरणात पाणी किती उंचीवर आहे यावरून ते कोणत्या बाजूला जाईल हे कळतं. दरवाजे किती उघडे आहेत हे त्यावरून कळत नाही. शाळेतली इलेक्ट्रोकेमिस्ट्री पाण्याची उंची शिकवते, विद्यापीठातली दरवाज्यांबद्दल बोलते.

पाण्यातला हायड्रोजन बाहेर पडायचा तर त्याला धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन मिळावा लागतो. प्लॅटिनमवर हे काम झटपट होतं. शिशावर ते इतकं सावकाश होतं, की जवळजवळ होतच नाही असं म्हणावं. किती सावकाश, ते मोजता येतं. बाहेरून करंट शून्य दिसत असतानाही पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची दोन्ही दिशांना ये-जा चालूच असते. दादर स्टेशनात थांबलेली लोकल डोळ्यांसमोर आणा. जेवढे चढले तेवढेच उतरले तर डब्यातली गर्दी होती तेवढीच राहते. पण दोनशे चढले-उतरले की दोनच, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इलेक्ट्रोडवरच्या या छुप्या ये-जेला एक्स्चेंज करंट म्हणतात. हायड्रोजनच्या बाबतीत प्लॅटिनमवर ही ये-जा जेवढी असते, त्याच्या सुमारे एक अब्जांश किंवा त्याहूनही कमी ती शिशावर असते.

आता गंमत बघा. युलियस टाफेल या रसायनशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दाखवून दिलं, की करंट वाढवायला जो जादा दाब द्यावा लागतो त्याचा हिशोब बेरजेचा नसून गुणाकाराचा असतो. हायड्रोजनसाठी शिशासारख्या धातूंवर साधारण दर १२० मिलिव्होल्ट जादा दाबाला करंट दहापट होतो. अब्जावर शून्यं नऊ. नऊ गुणिले १२० म्हणजे १०८० मिलिव्होल्ट, एक व्होल्टहून थोडं जास्तच. म्हणजे प्लॅटिनमवर जो हायड्रोजन लीलया सुटतो तेवढाच शिशावर सोडायचा, तर जवळपास एक व्होल्टचा जादा धक्का हवा. या धक्क्याला ओव्हरपोटेन्शियल असं नाव आहे. दुसऱ्या पट्टीवर ऑक्सिजनची गोष्टही अशीच रखडलेली. तुमची बॅटरी या दोन आडोशांच्या मागे उभी आहे, म्हणून टिकते.

चार्जिंग संपत आलं की आडोसा अपुरा पडतो, थोडं पाणी फुटतं, बुडबुडे येतात आणि पातळी उतरते. म्हणून पाणी घालायचं, म्हणून त्या खोलीत हवा खेळती ठेवायची. नळाचं पाणी का चालत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. त्यातल्या लोहासारख्या अशुद्धींमुळे, वापर नसतानाही बॅटरी आतल्या आत उतरण्याचा वेग वाढतो. दुकानदार ‘डिस्टिल्डच घाला’ म्हणतो तेव्हा तो नकळत इलेक्ट्रोड कायनेटिक्स सांगत असतो.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याची बॅटरीही तक्त्याच्या नियमाने टिकायला नको. लिथियम आयन बॅटरीतलं द्रावण ग्रॅफाइटच्या पट्टीवर चार्ज होताना मोडतं. पण पहिल्या काही चार्जिंगमध्ये मोडलेल्या त्या पदार्थांचा एक अतिपातळ थर पट्टीवर बसतो आणि तोच पुढची मोडतोड रोखतो. लिथियमला मात्र तो थर आत-बाहेर जाऊ देतो. फोन जुना झाल्यावर बॅटरी लवकर उतरते त्यामागे जी कारणं आहेत, त्यात हा थर हळूहळू जाड होत जाणं हे एक ठळक कारण. घरातली अॅल्युमिनियमची कढई पाण्यात विरघळत नाही, तेही अशाच थराच्या जोरावर.

बंगळुरूच्या माणसाचा जाड ग्रंथ

या विषयाचं नावच ज्या पुस्तकामुळे रूढ झालं ते ‘मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ १९७० मध्ये न्यूयॉर्कहून दोन खंडांत आलं. लेखक दोन, जॉन बॉक्रिस आणि अमूल्य रेड्डी. रेड्डी बंगळुरूचे, जन्म १९३०चा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट केल्यावर ते अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात बॉक्रिस यांच्यासोबत काम करत होते. नंतर ते मायदेशी येऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले.

पुस्तकाची मांडणी सरळ दोन भागांची आहे. द्रावणात आयन कसे वावरतात, पाणी त्यांना कसं वेढतं, ते एकमेकांना कसे ओढतात, हा पहिला भाग. इलेक्ट्रोड आणि द्रावण जिथे भेटतात त्या सीमेवर काय घडतं, हा दुसरा. बॉक्रिस यांचं ठाम मत होतं, की नर्न्स्टच्या समीकरणाच्या यशामुळे विषयाचं नुकसानच झालं. वाहत्या करंटच्या घटनाही लोक कित्येक दशकं स्तब्ध अवस्थेच्या गणिताने समजावू पाहत राहिले आणि टाफेलच्या कामाकडे दुर्लक्ष झालं. हे मत टोकाचं वाटेल, पण आपल्या बारावीच्या धड्याकडे पाहिलं की पटतं. तो धडा आजही बराचसा तिथेच थांबलेला आहे.

ग्रंथ वाचायला मात्र सोपा आहे, हे मुद्दाम सांगते. जाड पुस्तक बघून मुलं घाबरतात आणि गाइड घेतात. बॉक्रिस-रेड्डी गप्पा मारत शिकवतात. एक पायरी सोडून दुसरीवर उडी मारत नाहीत आणि प्रत्येक समीकरणाआधी ते का हवं हे सांगतात. शिक्षक नसताना स्वतः शिकायचं असेल तर आधी हेच घ्यावं. १९९८पासून आलेली त्याची दुसरी आवृत्ती आणखी फुगली. तिच्या एका खंडासाठी मारिया गॅम्बोआ-आल्देको सहलेखिका आहेत. मोजमापाच्या पद्धती शिकायच्या झाल्या, की अॅलन बार्ड आणि लॅरी फॉकनर यांचं ‘इलेक्ट्रोकेमिकल मेथड्स’. १९८०चं हे पुस्तक २०२२ मध्ये तिसऱ्यांदा नव्याने आलं. ते कडक शिस्तीचं आहे, गप्पा नाहीत.

रेड्डींची पुढची वाट मला या ग्रंथाइतकीच महत्त्वाची वाटते. जगभर नावाजलेल्या पुस्तकाचा लेखक म्हणून ते आरामात प्रयोगशाळेत राहिले असते. १९७४ मध्ये त्यांनी विज्ञान संस्थेतच ‘अस्त्र’ हा गट सुरू केला, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान तयार करणारा. कमी लाकडात जास्त आच देणारी चूल, शेणाच्या गॅसवर गावाला पाणी आणि दिवे, अशी कामं त्यातून झाली. कर्नाटकातल्या पुरा गावातला प्रयोग त्यातला प्रसिद्ध. २००६ मध्ये ते गेले तेव्हा देशभर त्यांची ओळख ऊर्जेच्या प्रश्नावरचे विचारवंत अशीच जास्त होती. ऊर्जा कुठे वाया जाते हे इलेक्ट्रोडवर मोजायची सवय लागलेला माणूस चुलीकडे वळला, यात मला तरी फार आश्चर्य वाटत नाही.

‘धनाग्र’ नावाचा खड्डा

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांसाठी एक खास सूचना. आपण अॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणायला शिकतो. शब्द छान आहेत, पण त्यांच्या पोटातच चिन्ह बसलेलं आहे. विद्युत अपघटनात, म्हणजे बाहेरून वीज देऊन पदार्थ फोडताना, अॅनोड खरंच धन असतो. पण वीज देणाऱ्या सेलमध्ये अॅनोड ऋण असतो. धनाग्र ऋण कसं? मुलं गोंधळतात आणि मग चिन्हं पाठ करू लागतात. पाठ केलेली चिन्हं परीक्षेत हमखास उलटतात.

इंग्रजी शब्दांत हा घोळ नाही, कारण मायकल फॅरडे यांनी १८३४ मध्ये विल्यम ह्युएल या विद्वानाच्या मदतीने ते ग्रीकवरून घडवले, तेव्हा त्यात धन-ऋण ठेवलंच नाही. अर्थ वाटेचा आहे, चढती आणि उतरती. विद्यापीठात गेल्यावर एकच व्याख्या धरून ठेवा. जिथे पदार्थ इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणजे ऑक्सिडीकरण होतं, तो अॅनोड. जिथे घेतो, म्हणजे क्षपण होतं, तो कॅथोड. चिन्ह काहीही असो. बॅटरी चार्ज करताना या भूमिका बदलतात, तरी बॅटरीवाले सवयीने ऋण पट्टीला कायम अॅनोडच म्हणतात. हे एकदा माहीत असलं की निम्मी भीती जाते.

गणित सोडून आलात?

आता थोडं कडू. आपल्याकडे बरीच मुलं जीवशास्त्राच्या गटातून रसायनशास्त्राच्या पदवीला येतात. मेडिकलचं जमलं नाही, मग बी.एस्सी. गणित दहावीला किंवा फार तर बारावीला सुटलेलं. सेंद्रिय रसायनात त्यावाचून निभावतं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत निभावत नाही.

काय लागतं? घातांक आणि लॉगॅरिदम हाताच्या मळासारखे यायला हवेत, कारण टाफेलचा सगळा कारभार त्यावर चालतो. इलेक्ट्रोडजवळचा पदार्थ संपला की दुरून नवीन यायला वेळ लागतो. तो प्रवास समजायला अवकल समीकरणं लागतात. इम्पीडन्स नावाच्या पद्धतीत सेलला हलकासा उलट-सुलट करंट देऊन त्याचं वागणं पाहतात, तिथे काल्पनिक संख्या येतात. ज्या ‘आय’ची बारावीत टिंगल होते, तो इथे बॅटरी आतून किती झिजली ते सांगायला मदत करतो.

म्हणून मुलीला या विषयाची गोडी असेल आणि गणित सुटलेलं असेल, तर विषय बदलायला सांगू नका. पदवीच्या तीन वर्षांत गणिताचा एक पेपर जोडून घ्यायला सांगा. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं पुन्हा शांतपणे सोडवली तरी बरंच अंतर कापलं जातं. हे वयाच्या १९व्या वर्षी जमतं, पीएच.डी.च्या मुलाखतीच्या आदल्या महिन्यात जमत नाही.

काचेच्या भांड्यातल्या तीन कांड्या

प्रयोगशाळेत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो तीन इलेक्ट्रोडचा. शाळेत दोनच असतात. इथे ज्याचा अभ्यास करायचा तो एक, करंट पूर्ण करायला दुसरा, आणि तिसरा केवळ मोजपट्टी म्हणून. त्या तिसऱ्यातून करंट जवळपास जाऊच देत नाहीत, म्हणून त्याचं विभव हलत नाही. हे सांभाळणाऱ्या यंत्राला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात.

या यंत्रावर विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा जो आलेख काढतात तो व्होल्टॅमेट्रीचा. विभव हळूहळू एका बाजूला न्यायचं, परत आणायचं आणि करंट टिपत राहायचा. पडद्यावर बदकासारखी आकृती उमटते, एक टोक वर, एक खाली. एका इलेक्ट्रॉनची चोख देवघेव असेल तर दोन टोकांतलं अंतर ५९ मिलिव्होल्टच्या आसपास यावं, असं पुस्तक सांगतं. विद्यार्थ्याला पहिल्यांदा ९० किंवा १२० मिळतात. मग कळतं, की इलेक्ट्रोड नीट घासलेला नव्हता, किंवा मोजपट्टीची कांडी लांब राहिली होती, किंवा द्रावणात मीठ कमी पडलं. कार्बनचा तो छोटा गोल तुकडा अॅल्युमिनाच्या बारीक पुडीवर इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासायचा, धुवायचा, पुन्हा मोजायचं. ज्याला या घासण्याचा कंटाळा येतो त्याने दुसरी शाखा निवडावी, हे मी अगदी मनापासून सांगते.

कारण सगळा खेळ अतिशय पातळ जागेत चाललेला असतो. इलेक्ट्रोड आणि द्रावणाच्या सीमेवर साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश, जाडीत एक व्होल्टभर फरक पडू शकतो. मीटरच्या हिशोबाने ते झाले १०० कोटी व्होल्ट. हवेत मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. म्हणजे हवेत वीज कडाडते त्याच्या तीनशेपट तीव्र क्षेत्र तुमच्या बॅटरीच्या पट्टीवर गुपचूप नांदत असतं. त्या जागी बोटाचा तेलकट ठसा उमटला तर काय होईल, याची कल्पना करा.

साधनांचा प्रश्न खरा आहे. छोट्या गावांतल्या अनेक कॉलेजांत हे यंत्र नसतं, किंवा असतं आणि कपाटात असतं. तरीही वाट अगदी बंद नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चीपस्टॅट नावाचा स्वस्त पोटेन्शिओस्टॅट बनवून त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि त्यानंतर असे खुले आराखडे वाढत गेले. कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांना सोबत घेतलं तर एम.एस्सी.च्या प्रकल्पात असं यंत्र जुळवता येईल.

लिंबू, खिळा आणि मल्टिमीटर

तोवर घरी काय करता येईल? एक मल्टिमीटर आणा, फार महाग नसतो. लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची जाड तार खोचा, एकमेकांना टेकू देऊ नका. मल्टिमीटर साधारण एक व्होल्टच्या जवळपास दाखवेल. इथवर शाळेचं प्रदर्शन. आता त्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर जोडा, आधी मोठा, मग लहान, आणि प्रत्येक वेळी व्होल्ट पाहा. करंट मागितला की आकडा कोसळतो. एका लिंबावर एलईडी का पेटत नाही, ते इथे डोळ्यांना दिसतं. दर वेळचे व्होल्ट आणि करंट वहीत लिहून आलेख काढा. शाळेतून विद्यापीठात नेणारी पायरी हीच.

यात एक फसवा प्रश्नही आहे. तांब्याची तार इथे काय करते? बहुतेक जण म्हणतात, तांबं विरघळतं. तसं होत नाही. जस्त विरघळतं, आणि तांब्यावर लिंबाच्या आम्लातला हायड्रोजन इलेक्ट्रॉन घेऊन सुटतो. तांबं फक्त जागा पुरवतं. मग तांब्याऐवजी पेन्सिलीचं शिसं, म्हणजे ग्रॅफाइट, लावलं तर? स्टीलचा चमचा लावला तर? करून पाहा, नोंदी ठेवा. लिंबू नंतर टाकून द्या, त्याचं सरबत नको.

काळवंडलेल्या चांदीच्या वाट्याही कामाला येतील. स्टीलच्या नव्हे, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाला अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, त्यावर चांदी टेकेल अशी ठेवा, गरम पाणी आणि खायचा सोडा घाला. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग. अॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं आणि चांदी पुन्हा चांदी होते. पावडरने घासताना चांदी थोडी झिजते, इथे ती जागच्या जागी परत मिळते. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळी झाक दिलेल्या दागिन्यांवर मात्र हा प्रयोग नको.

जादा धक्क्याचं बिल कोण भरतं?

जो जादा धक्का इन्व्हर्टरची बॅटरी वाचवतो, तोच दुसरीकडे देशाची वीज खातो. हायड्रोजनचंच बघा. १.२३ व्होल्टने हिशोब केला तर पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे ३३ युनिट वीज पुरायला हवी. आजच्या यंत्रांना ५० किंवा त्याहून जास्त युनिट लागतात. फरकातला काही भाग उष्णतेचा, पण बराचसा त्या जादा धक्क्याचा, विशेषतः ऑक्सिजनच्या बाजूचा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचं उद्दिष्ट २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन इतकं आहे. आता पाटीवर मांडा. कुणी चांगला इलेक्ट्रोड शोधून किलोमागे फक्त एक युनिट वाचवलं, तर त्या उत्पादनावर वर्षाला ५०० कोटी युनिट वाचतात.

अॅल्युमिनियमची कथाही तशीच. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या विशीतल्या दोन तरुणांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीनेच आजही ते काढतात आणि एका किलोला ढोबळमानाने १४ युनिट लागतात. आजीच्या साखरेची तपासणी करणारी पट्टी मात्र जादा धक्क्याला शहाणपणाने चुकवते. रक्तातली साखर तिथे एन्झाइमच्या मदतीने इलेक्ट्रॉन सोडते आणि यंत्र तो इवलासा करंट मोजून आकडा दाखवतं.

कुठे शिकता येईल

तमिळनाडूत कराईकुडीला केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या ३०० एकर जमिनीवर आणि १५ लाखांच्या देणगीवर ती उभी राहिली. १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५३ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन. या विषयाला वाहिलेली इतकी मोठी संस्था जगातही विरळाच. बारावीनंतर तिथे केमिकल अँड इलेक्ट्रोकेमिकल इंजिनिअरिंगचं बी.टेक. करता येतं, पदवी अण्णा विद्यापीठाची. मराठी घरांत या नावाची फारशी चर्चा होत नाही, व्हायला हवी.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधन सेलवर काम चालतं. २०२० मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या नमुना मोटारीची चाचणी याच आवारात झाली, त्यात कराईकुडीचाही वाटा होता. आयआयटी मुंबईत गंजण्याच्या शास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण अनेक वर्षांपासून आहे, आणि कोकण किनाऱ्यावर घर असलेल्यांना गंज काय चीज आहे हे सांगायला नको. गुजरातेत राहणाऱ्यांसाठी भावनगरची मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे विजेच्या मदतीने खारं पाणी गोडं करण्याच्या पडद्यांवर संशोधन होतं. बंगळुरूची विज्ञान संस्था आहेच. साध्या बी.एस्सी.नंतर या वाटांवर यायला जॅम, गेट, नेट यांसारख्या परीक्षा लागतात. नियम बदलत राहतात, ते त्या-त्या वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा. घरबसल्या सुरुवात करायची असेल तर एनपीटीईएलवर इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची व्याख्यानं मोफत आहेत.

आणि वय झालं म्हणून कुणी अडवत असेल तर सांगा, जॉन गुडइनफ बॅटरीच्या कामाकडे वळले तेव्हा पन्नाशी ओलांडून गेले होते. लिथियम बॅटरीसाठी २०१९चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान दिलं ते अरुमुगम मंथिराम यांनी, तमिळनाडूत वाढलेल्या आणि आयआयटी मद्रासमधून पीएच.डी. केलेल्या त्यांच्या सहकाऱ्याने.

शेवटी प्रवेशाच्या धावपळीत एक काम करा. ज्या कॉलेजचा अर्ज भरताय त्याचा अभ्यासक्रम उघडा आणि त्यात ‘इलेक्ट्रोड कायनेटिक्स’ हे शब्द शोधा. सापडले तर त्यासमोर तास किती लिहिलेत ते पाहा. मग विभागात जाऊन विचारा, पोटेन्शिओस्टॅट आहे का, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्याला हात लावू देता का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिक्षक किती वेळ घेतात, तेही लक्षात ठेवा.